रास्पबेरी पाय ५: बेळगाव-खानापूरकडच्या घरात चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर

छंद म्हणून वेबसाइट चालवणाऱ्याला कधीतरी नुसती पाने पुरेनाशी होतात. तालुक्यातल्या गावांच्या नावांची मराठी-कन्नड शोधयादी करायची असते, निपाणीवरून कोल्हापूरला आणि चोर्ला घाटातून पणजीला जाणाऱ्या गाड्यांची वेळापत्रके रोज रात्री ताजी करायची असतात, गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तकयादी कुणालाही शोधता यावी असे वाटते. त्यासाठी कुठेतरी सतत चालू राहणारे यंत्र हवे. भाड्याचा सर्व्हर घेतला तर दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, आणि घरीच ठेवायचा म्हटला की पहिले नाव निघते रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाचे. इथे पाय ५ पारखला आहे तो फक्त या कामासाठी. टीव्हीला जोडायला किंवा शाळेतला रोबोट चालवायला तो कसा आहे, हा प्रश्न वेगळा.

निकाल आधीच सांगतो: बोर्ड उत्तम आहे. पण आपल्या भागात तो सुखाने चालेल की रडवेल हे ठरते वीजपुरवठ्यावर आणि साठवणीवर. अॅडॉप्टर, एसएसडी, पंखा, घड्याळाचा सेल आणि बॅकअप यांचा खर्च बोर्डाच्या किमतीच्या आसपास जातो. तेवढी तयारी नसेल तर नुसता बोर्ड आणि मोबाइलचा चार्जर एवढ्यावर संसार मांडू नये.

कोणता घ्यावा

पाय ५ सप्टेंबर २०२३ मध्ये ४ आणि ८ जीबी मेमरीत जाहीर झाला, तेव्हा किंमत अनुक्रमे ६० आणि ८० डॉलर होती. २ जीबीचा ऑगस्ट २०२४ मध्ये आला, १६ जीबीचा जानेवारी २०२५ मध्ये. मेमरी चिपांच्या भावाप्रमाणे किमती हलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी भाव विचारूनच घ्या.

वर सांगितलेल्या कामांना ४ जीबी भरपूर होतात. एक वेब सर्व्हर, पायथॉन किंवा गो भाषेतले एक-दोन प्रोग्रॅम, एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसची काही शे मेगाबाइटची फाइल आणि रात्रीचा बॅकअप एवढे सगळे मिळून २ जीबीच्या आतच राहते. ८ जीबी घेण्यापेक्षा उरलेले पैसे एसएसडीवर घाला. प्रोसेसर म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स-ए७६ कोअर. पाय ४ आणि पाय ५ मधला फरक पाने दाखवताना फारसा दिसत नाही, पण हजारो नोंदींची शोधसूची नव्याने बांधताना लगेच जाणवतो.

याला खरी स्पर्धा आहे ती इंटेल एन१०० प्रोसेसरच्या छोट्या डब्याची. त्यात केस, अॅडॉप्टर, एसएसडी आणि घड्याळ सगळे बरोबरच येते, आणि कोणतेही साधे लिनक्स चालते. खर्चाची बेरीज केली तर दोन्ही जवळपास येतात. वीज कमी खाण्यात पाय पुढे: पंखा आणि एसएसडी धरून तो मोकळा बसलेला असताना साधारण ४ ते ५ वॅट घेतो. ५ वॅट धरले तर महिन्याला ३.६ युनिट होतात. बॅटरीवर तास मोजायचे असतील तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो, आणि आपल्याकडे तास मोजायचे दिवस येतातच. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप मात्र या कामाला घेऊ नका. तो फुकट मिळाला तरी चोवीस तास चालवायला परवडत नाही.

वीज: इथेच बहुतेकांचे फसते

पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. दुकानात गेलात की '६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर आहे की, त्यापुढे हे काय!' असे ऐकायला मिळते. वॅट बरोबर असतात, गणित चुकते. साधे यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर ५ व्होल्टवर ३ अँपिअरच देतात. त्यापुढची ताकद ते ९, १५, २० व्होल्टवर देतात, आणि पाय ते व्होल्टेज घेतच नाही. म्हणजे ६५ वॅटचा चार्जरसुद्धा पायसाठी १५ वॅटचाच. रास्पबेरी पायचा स्वतःचा २७ वॅटचा अॅडॉप्टर ५.१ व्होल्टवर पूर्ण ५ अँपिअर देतो. तोच घ्या, यात काटकसर करू नका.

३ अँपिअरवर पाय सुरू होतो, चालतोही. पण त्याला कमी ताकदीचा पुरवठा ओळखता येतो आणि तो चारही यूएसबी पोर्ट मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. ५ अँपिअरचा पुरवठा ओळखला की हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. यूएसबीला २.५ इंची एसएसडी लावली असेल तर जोरात लिहिताना ती ६०० मिलिअँपिअरच्या वर सहज जाते, डिस्क क्षणभर गळते, लिनक्स फाइलसिस्टीमला फक्त-वाचन स्थितीत टाकते आणि वेबसाइट निम्मी चालते, निम्मी नाही. मग माणूस आठवडाभर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो.

हे तपासायची सोय पायमध्येच आहे. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनकमांड' या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारले की एक आकडा येतो. ०एक्स० आला तर सगळे ठीक. ०एक्स५०००० आला तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज घसरले आणि त्यामुळे वेगही कमी करावा लागला. शेवटचा आकडा ५ असेल, म्हणजे ०एक्स५०००५, तर हे आत्ता या क्षणी घडते आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की ही खूण पडते. अॅडॉप्टर चांगला असून खूण पडत असेल तर आधी मधली केबल किंवा जोडणी बदला. लांब आणि बारीक केबलमध्ये अर्धा व्होल्ट सहज जिरतो.

आता लाईट जाण्याचे. शहरात शहापूर-वडगावकडे आणि पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे परिस्थिती सारखी नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्यात फांद्या तारांवर पडतात आणि करंट कधी परत येईल याचा नेम नसतो. घरात इन्व्हर्टर असेल तर पाय आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टरच्या मागचे बटण 'यूपीएस' स्थितीत ठेवा. साध्या स्थितीत बदलायला त्याला इतका वेळ लागू शकतो की पंख्याला कळतही नाही, पण पाय बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस स्थितीत हा वेळ काही मिलिसेकंदांवर येतो.

इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँक हा पर्याय नाही. बहुतेक पॉवर बँका चार्जिंगवरून बॅटरीवर येताना क्षणभर पुरवठा तोडतात, आणि तेवढे पायला पुरते. १८६५० सेलचे यूपीएस बोर्ड पाय ५ साठी मिळतात, ते बरे. हिशेब असा: ३.७ व्होल्ट, २५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल म्हणजे १८.५ वॅट-तास. रूपांतरात जाणारे वगळून साधारण १५ ते १६ हाती लागतात. ५ वॅटवर तीन तास. सेल बसवताना धन-ऋण दोनदा बघा, उलटा बसवला तर बोर्ड जळतो.

या यूपीएस बोर्डात एक अडचण आहे, ती जाहिरातीत लिहिलेली नसते. लाईट गेल्याचा इशारा बोर्ड एका पिनवर देतो, आपला प्रोग्रॅम तो वाचतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पायला नीट बंद करतो. इथवर छान. पण सेलमध्ये जीव शिल्लक असेल तर बोर्ड पायला ५ व्होल्ट देतच राहतो. लाईट परत आली तरी पायच्या दृष्टीने काही बदललेले नसते, आणि तो बंदच राहतो. आपण पुण्याला किंवा गोव्याला असलो तर घरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत सर्व्हर झोपलेला. म्हणून लाईट आल्यावर पुरवठा एकदा तोडून पुन्हा देणारा, म्हणजे आपोआप चालू करणारा बोर्डच घ्या, आणि घेताना हे स्पष्ट विचारा. आणखी एक बारीक गोष्ट: बंद केलेला पाय ५ मूळ सेटिंगमध्ये दीड वॅटच्या आसपास वीज खात राहतो. बूटलोडरच्या सेटिंगमध्ये 'पॉवर ऑफ ऑन हॉल्ट' १ केले की ते जवळपास शून्यावर येते.

फायबरच्या डब्याला बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्याच्या अॅडॉप्टरवरचे अँपिअर वाचून तेवढ्याच क्षमतेचा छोटा डीसी यूपीएस घेतला की काम होते. बाहेर गल्लीतल्या पेटीत नुसता स्प्लिटर असेल तर त्याला वीज लागत नाही, लाईट गेली तरी इंटरनेट चालते. पेटीत स्विच असेल तर त्याची बॅटरी संपेपर्यंतच. लाइन जोडायला आलेल्या माणसाला हे विचारून ठेवा.

घड्याळ

पाय ४ मध्ये घड्याळ नव्हते, पाय ५ मध्ये आहे. पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो. त्याचे महत्त्व लाईट आल्यावर कळते: पाय अर्ध्या मिनिटात उठतो, इंटरनेट यायला पाच मिनिटे लागतात, आणि तोवर पायला वाटते की अजून कालचीच वेळ आहे. नवे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला 'अजून लागू न झालेले' दिसते, रात्रीची कामे भलत्या वेळी सुटतात, नोंदींच्या तारखा मागे-पुढे होतात. यासाठी एमएल२०२० हा पुन्हा चार्ज होणारा सेल बोर्डाच्या बॅटरी जोडणीला लावायचा. चार्जिंग मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ते कॉन्फिग फाइलमध्ये ३ व्होल्टवर चालू करावे लागते. घड्याळाच्या दुकानातला सीआर२०३२ आकाराने सारखा वाटतो, पण तो चार्ज करायचा सेल नाही. चार्जिंग चालू ठेवून तो लावणे धोक्याचे आहे.

साठवण

मायक्रोएसडी कार्डावर डेटाबेस ठेवू नका. कार्ड लहान-लहान लिखाणासाठी बनलेले नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ज्या फाइलला हातही लावला नव्हता ती फाइलसुद्धा खराब होऊ शकते, कारण कार्ड आतून मोठे-मोठे तुकडे पुसून पुन्हा लिहीत असते. कार्डच वापरायचे असेल तर 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचे घ्या, लॉग मेमरीत ठेवा, आणि त्यावर फक्त वाचायचा मजकूर ठेवा.

योग्य वाट एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डाला जोडायच्या पट्टीसारख्या एसएसडीची. पाय ५ वर पीसीआयईची एक लेन आहे आणि रास्पबेरी पायचा एम.२ हॅट प्लस हा जोडबोर्ड त्यावर बसतो. खरेदी चुकते ती इथे: हा हॅट २२३० आणि २२४२ मापाचीच (२२ मिमी रुंद, ३० किंवा ४२ मिमी लांब) एसएसडी घेतो. खडेबाजारात काय आणि ऑनलाइन काय, सहज मिळणारी एसएसडी २२८० असते, लॅपटॉपची. ती या हॅटवर मावत नाही. तीच वापरायची असेल तर दुसऱ्या कंपनीचा, २२८० घेणारा बोर्ड शोधावा लागतो. २५६ जीबी पुरे. एसएसडीवरून सुरू करण्यासाठी रास्पी-कॉन्फिगमध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग बूट ऑर्डर. एसएसडी पहिली निवडा आणि सिस्टीम भरलेले एक चालू कार्ड हाताशी ठेवा.

एसक्यूलाइटला 'वॉल' पद्धतीत ठेवा, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. तिथे 'सिंक्रोनस' हे सेटिंग नॉर्मल असले तर अचानक वीज गेल्यावर शेवटच्या एक-दोन नोंदी जाऊ शकतात, पण फाइल मोडत नाही. एकही नोंद जाऊ द्यायची नसेल तर 'फुल' करा, लिखाण थोडे मंदावेल. बॅकअप घेताना चालू डेटाबेसची फाइल सरळ कॉपी करायची नाही. वॉलची वेगळी फाइल मागे राहते आणि कॉपी अर्धवट होते. एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा आहे ती वापरा, आणि ती प्रत रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने कुलूपबंद करून घराबाहेर कुठेतरी पाठवा. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती वीज कोसळली तर एकदमच जातात.

ऊन, पाऊस, मुंग्या

बेळगावची हवा सर्व्हरला मानवते. तरीही अॅक्टिव्ह कूलर लावाच. त्याशिवाय बंद केसमध्ये सूची बांधताना तापमान ८० अंशांवर जाते आणि पाय स्वतःचा वेग उतरवतो. कूलरचा पंखा ५० अंशांना सुरू होतो आणि ७५ ला पूर्ण वेगात जातो. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवू नका. लोखंडी कपाटावरही नको, तिथे वायफाय अडते. शक्यतो लॅन केबलच लावा. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात दमट हवा महिनोन्महिने असते, तिथे बोर्ड भिंतीपासून दोन इंच सुटा आणि जमिनीपासून वर असू द्या. केसच्या मोकळ्या फटींना बारीक जाळी लावा. उबेला मुंग्या येतात.

बाहेरच्या जगाशी जोडणी

घरगुती लाइनवर बहुतेकदा आपला स्वतःचा पत्ता नसतो. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा: १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सामाईक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट उघडून काहीही होणार नाही. अशा वेळी क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल सरळ उपयोगी पडतो. पाय आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरमध्ये काहीच उघडावे लागत नाही. स्वतःचे डोमेन हवे आणि त्याचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरकडे वळवलेले हवेत. बिघाड ओळखायलाही हे सोपे आहे. पानावर १०३३ दिसला तर टनेलच तुटलेला, म्हणजे वीज किंवा लाइन गेलेली. ५०२ दिसला तर टनेल जिवंत आहे आणि पायवरचा आपला प्रोग्रॅम बंद पडलेला आहे. प्रोग्रॅम सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेत घालून 'रीस्टार्ट ऑलवेज' केले की दुसरा प्रकार क्वचितच होतो.

पायवर काय ठेवू नये

मुख्य वेबसाइट. हे ठामपणे सांगायला हवे, कारण उत्साहाच्या भरात सगळे घरीच आणले जाते. गावांची पाने, लेख, छायाचित्रे हे सगळे तयार पानांच्या रूपात गिटहब पेजेसवर किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवा. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतूक चालते. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत महिन्याला ५०० वेळा साइट बांधता येते, एक फाइल २५ एमबीपर्यंत असू शकते. छंदाच्या साइटला दोन्ही पुरून उरतात. पायने रात्री वेळापत्रके गोळा करावीत, नवी पाने तयार करून तिकडे ढकलावीत आणि दिवसा फक्त शोधाला उत्तर द्यावे. मग खानापुरात दोन दिवस करंट नसला तरी वाचणाऱ्याला पान दिसते, नुसती शोधपेटी बंद असते.

आणि नोंदी दोन-तीन हजारच असतील तर शोधालाही सर्व्हर लागत नाही. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. हजारो गावांची नावे दोन्ही लिपींत धरली तरी फाइल काही शे केबीत बसते, आणि दाबून पाठवली तर त्याहून खूप कमी. ती ब्राउझरमध्येच उतरवून तिथेच शोधा. अशा कामासाठी पाय विकत घेणे म्हणजे निव्वळ खर्च.

मराठी-कन्नड शोध: यंत्र पुरते, सेटिंग पुरत नाही

पाय ५ वर एसक्यूलाइटची एफटीएस५ ही शोधसोय वेगाच्या बाबतीत कुठेच कमी पडत नाही. पण मूळ सेटिंगवर ती मराठीचे वाटोळे करते. तिचा 'युनिकोड६१' हा शब्द तोडणारा भाग फक्त अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडणे, अनुस्वार ही युनिकोडच्या वर्गवारीत 'खुणा' आहेत, त्यामुळे तो तिथे शब्द तोडतो. 'बेळगाव'चे तुकडे होतात: ब, ळग, व. 'पाणी' म्हणजे प आणि ण. 'पुणे' म्हणजेही प आणि ण. मग 'पाणी' शोधले की पुणे येते, निपाणीही येते, आणि पाहणाऱ्याला वाटते साइट बिघडली.

उपाय एका ओळीचा आहे. तक्ता बनवताना 'कॅटेगरीज' या पर्यायात मूळच्या वर्गांबरोबर एमएन आणि एमसी हे खुणांचे दोन वर्ग जोडायचे. शब्दाचा मधला भाग शोधायचा असेल तर 'ट्रायग्राम' हा दुसरा प्रकार आहे, एसक्यूलाइट ३.३४ पासून. त्यात सूची बरीच फुगते आणि तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध लागत नाही. 'गाव' सापडतो, कारण काना धरून चिन्हे तीन होतात, पण 'घर' किंवा 'मठ' टाकले की रिकामे पान. गावांच्या नावांसाठी पहिला प्रकार आणि पुस्तकांच्या शीर्षकांसाठी ट्रायग्राम, अशी विभागणी चांगली चालते.

नोंद आत घेण्यापूर्वी मजकूर एकसारखा करणे त्याहून गरजेचे. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतंत्र किल्ली आहे, त्याला पाय मोडून य जोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र, पायमोड आणि मग न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) येतो. दिसायला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. अनेक जण सरसकट न दिसणारी चिन्हे काढून टाकतात, आणि मग दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. क्रम असा ठेवा: आधी 'र, पायमोड, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, पायमोड' घाला, मग उरलेले जोडक काढा, मग युनिकोडचे एनएफसी, म्हणजे एकसारखे प्रमाण रूप करा. शोधपेटीत आलेल्या शब्दालाही हेच तिन्ही संस्कार झाले पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, त्यामुळे साध्या क्रमवारीत कळस आधी आणि कवठ, कसबा नंतर येतात. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीतल्या मराठी नियमांनी क्रमकळ (सॉर्ट की) तयार करून ती वेगळ्या रकान्यात ठेवा आणि त्या रकान्यावर क्रम लावा.

सीमाभागात खरी कसोटी लिप्यांतराची. देवनागरी आणि कन्नड हे युनिकोडचे दोन्ही तक्ते एकाच साच्यावर आखलेले आहेत. देवनागरी चिन्हाच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुतेक वेळा नेमके कन्नड चिन्ह मिळते. ही युक्ती मोहात पाडते, पण नावांच्या यादीला पुरत नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आहेत, दोन ओ आहेत. मराठीतला 'बे' ८९६ मिळवून दीर्घ होतो, आणि 'बेळगावी'च्या कन्नड रूपात तो ऱ्हस्व असतो. शेवटची वेलांटीही तिथे ऱ्हस्व. शिवाय 'ॉ' आणि 'ॅ' यांच्या जागा कन्नड तक्त्यात रिकाम्या आहेत, तिथे चौकोन उमटतात. म्हणून लिप्यांतर फक्त शोध सैल करण्यासाठी वापरा: दोन्ही बाजूंचे ऱ्हस्व-दीर्घ सारखे करून मग जुळवा. पानावर दाखवायचे नाव मात्र हाताने भरलेलेच हवे. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी, सौंदत्ती-सवदत्ती अशा जोड्यांसाठी पर्यायी नावांचा वेगळा तक्ता लागतोच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावी झाले तरी माणसे शोधताना बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम तिन्ही टाकतात.

जुनी यादी श्री-लिपी किंवा कन्नडच्या नुडी यांसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली हाती आली तर ती आधी युनिकोडमध्ये आणा आणि दर पन्नासावी नोंद डोळ्यांनी तपासा. रफार आणि वेलांटी सगळ्यात जास्त हलतात.

सामान मांडून झाले की साइट जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्या. पायवर खोटी लिखाणे चालू ठेवा आणि भिंतीवरचे बटण बंद करा, पाय स्वतःहून बंद होईपर्यंत. मग बटण चालू करून हात न लावता थांबा. पाय आपोआप उठला का, वेळ बरोबर आहे का, टनेल जोडला गेला का, 'गेट थ्रॉटल्ड' शून्य देतो का, आणि एसक्यूलाइटची 'इंटिग्रिटी चेक' आज्ञा 'ओके' म्हणते का, हे बघा. यांतले एकही नापास झाले तर ते आत्ताच, कोरड्या दिवसांत दुरुस्त करून घ्या.